चार गायींचा घास

गाय आडवी पडली होती. चारी पाय एका बाजूला ताणलेले, मान चिखलात, जीभ बाहेर. डावी कूस इतकी फुगली होती की पाठीच्या कण्याच्याही वर आली होती. मी वाकून तिच्यावर टिचकी मारली. ढोलावर मारावी तसा आवाज आला. हा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे आणि त्याचा अर्थही माहीत आहे. अशी आडवी पडलेली गाय बसती केली नाही, तर तास दोन तासांत जाते.

गायीची मालकीण तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली होती. ती त्या शेतावर कामाला होती, वय पस्तिशीच्या आसपास. गोठ्यात चार गायी होत्या. तीन शेताच्या मालकाच्या आणि ही एक तिची स्वतःची. मालक तिला तिथे गाय बांधू देत होता आणि त्या दुधावर तिचं घर चालत होतं. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला महिन्याभराचं वासरू दाव्याला हिसके देत होतं. पहाटेपासून त्याला आईच्या सडाला तोंड लावता आलं नव्हतं.

बाईने वर पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, काल हिला किती चारलंत?"

मला चाळीस वर्षांत तमिळ चांगलं येऊ लागलं आहे. कळलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. मी म्हणाले, "थोडंच."

हे खोटं होतं.

त्या साली दिवाळी सोमवारी आली होती. माझा मुलगा चेन्नईबाहेर सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याला जोडून सुट्टी मिळाली आणि त्याने मदुरांतकमच्या पुढे एका शेतावर दोन रात्रींसाठी तंबू घेतला. मी म्हटलं, शेत सोडून मी सतराव्या वर्षी लग्न करून इकडे आले, आता म्हातारपणी पैसे देऊन परत शेतावर कशाला? तो म्हणाला, "आई, हा तसला तंबू नाही. आत पलंग असतो."

तंबू म्हटलं की मला आमच्याकडच्या जत्रेतल्या तमाशाचा तंबू आठवतो. हा खरंच तसला नव्हता. आत दोन मोठे पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी, थंड हवेचं यंत्र, आणि मागच्या बाजूला फरशी घातलेली न्हाणी. ती न्हाणी आम्ही चेन्नईजवळ आवडी गावात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो तिथल्या स्वयंपाकघराएवढी होती. दाराला मात्र चेन. रात्री चेन उघडायला मला दहा मिनिटं लागली आणि तोवर सून बाहेरून सांगत होती, आई, वरून खाली ओढा, खालून वर नाही. न्हाणीत एक बेडूक होता. माझ्या दहा वर्षांच्या नातीने त्याला मगात धरून बाहेर सोडलं. मला तंबू आवडला नाही असं मी सांगत फिरले, पण गादी चांगली होती. झोप लागली.

शनिवारी वसुबारस होती. सगळं तिथून सुरू झालं.

वसुबारसेला संध्याकाळी गाय आणि वासरू दोघांची पूजा करायची असते. त्या दिवशी मी गहू खात नाही, दूधतूप खात नाही. लग्न होऊन चेन्नईला आल्यापासून मी पाटावर मातीची गाय आणि मातीचं वासरू ठेवून पूजा करत आले. इथे रस्त्यावर गायी पुष्कळ, पण त्या भिंतीवरचे सिनेमाचे कागद ओरबाडून खाणाऱ्या. त्यांच्यामागे वासरू कधी दिसलं नाही. त्यामुळे शेतावर जायचं ठरल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो गायींचा. मुलाने तिथल्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, चार गायी आहेत.

चार गायी, म्हणून मी चार गायींचं घेतलं. आमच्याकडे गायीला भिजवलेली चवळी आणि मूग देतात, आणि बाजरीच्या पिठात गूळ घालून केलेले गोळे. सून म्हणाली, एवढं कशाला? मी म्हटलं, तुला काय कळतंय. तिचं माहेर तंजावरकडचं. त्यांचं मराठी जुनं, मध्ये मध्ये तमिळ, आणि त्यांच्याकडे वसुबारस करत नाहीत. लग्नानंतर वर्षभर मला तिचं निम्मं कळत नव्हतं आणि तिला माझं. एकमेकींचं ऐकायचं नाही ही सवय मला बहुतेक त्याच वर्षी लागली. दोन मोठे डबे आणि एक पातेलं भरून गाडीत ठेवलं. मुलाच्या बॅगेला जागा उरली नाही. ती त्याने मांडीवर घेतली, आणि गाडी सुनेने चालवली.

संध्याकाळी आम्ही ताट घेऊन गोठ्याकडे गेलो. तिथे गेल्यावर कळलं की चारांपैकी एकीलाच वासरू आहे. दोघी गाभण होत्या. तिसरीचं वासरू विकलं होतं.

सून म्हणाली, "मग काय झालं? चौघींना वाटून द्या."

"वासरू असलेलीच गाय लागते."

"बाकीच्या तिघींनी काय केलंय, आई? वासरू विकलं तो काय तिचा गुन्हा?"

"रीत आहे ती आहे," मी म्हटलं. मुलगा फोटो काढत होता. त्याने काही ऐकलं नाही असं दाखवलं. हे तो त्याच्या बापाकडून शिकला आहे.

मी गायीचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. वासरालाही छोटी माळ घातली. ती त्याने लगेच खाल्ली. मग घास द्यायला सुरुवात केली. मी दिला, सुनेने दिला, मुलाने दिला, नातीने दोन्ही हातांनी दिला. गाय आवडीने खात होती. कोण नाही खाणार? गूळ होता.

तेवढ्यात बाकीच्या तंबूंतली माणसं जमली. पाच तंबू होते, सगळे भरलेले. सगळी चेन्नईचीच, तमिळ, तेलुगू, एक मारवाडी कुटुंब. त्यांनी विचारलं हे काय आहे, आणि सुनेने सांगितलं. मग त्यांनाही घास द्यायचा होता. एकेक जण पुढे यायचा, मी त्याच्या ओंजळीत घालायचे, तो गायीला द्यायचा, मग माझ्या पाया पडायचा. चाळीस वर्षांत त्या शहरात माझ्या पाया कोणी पडलं नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, आणि सूटबुटातली माणसं वाकत होती. मला मोठेपणा चढला. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण ते झालं आहे. मी डबा संपला की दुसरा उघडत होते.

गायीची मालकीण खांबाला टेकून उभी होती. मध्ये एकदा ती हळू आवाजात म्हणाली, पुरे अम्मा. मी ऐकलं. सूनही म्हणाली, पुरे आता. तेही ऐकलं. मॅनेजर हसत हसत पाहुण्यांचे फोटो काढत होता, म्हणून ती बाई पुन्हा बोलली नाही. मी पातेल्याच्या तळाचं खरवडून दिलं.

माहेरी माझा बाप वसुबारसेला गोठ्याच्या दारात उभा राहायचा. गल्लीतल्या बायका ताटं घेऊन यायच्या. एका गायीला पाच-सहा मुठी झाल्या की तो हात आडवा करायचा आणि उरलेल्या बायकांना पुढच्या गायीकडे हाकलायचा. बायका कुरकुरायच्या. मला तो चिक्कू वाटायचा. तो असं का करतो हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि चाळीस वर्षांनी शेतावर रीत करायला गेले तेव्हा रीत लक्षात होती, बापाचा आडवा हात लक्षात नव्हता.

रात्री पाऊस झाला. त्या दिवसांत तिकडे पाऊस असतोच. मी सवयीने साडेपाचला उठले, चेन उघडली, या वेळी एका झटक्यात, आणि गायीला बघायला निघाले. मनात होतं की वासराला पुन्हा एकदा हात लावावा. पुढचं मी आधीच सांगितलं आहे.

मी "थोडंच" म्हणाले आणि त्यानंतर लगेच मॅनेजर आला. छत्री, बूट, इस्त्रीचा शर्ट. त्याने गाय पाहिली आणि गायीला सोडून बाईवर सुरू झाला. काल ओला चारा टाकलास ना? किती वेळा सांगितलं. आता पाहुणे उठतील, मुलं आहेत, हे असं दिसता कामा नये. माणसं बोलावतो, गायीला ओढून मागे घ्या. आणि मालकांना सांगतो की हिच्या निष्काळजीपणाने झालं. यापुढे इथे स्वतःची जनावरं बांधायची नाहीत.

बाईने गायीच्या शिंगाला हात लावून ठेवला होता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी मॅनेजरला म्हटलं, "हिने काही केलेलं नाही. मी चारलं. दोन डबे आणि एक पातेलं, सगळं हिच्या एकटीच्या पोटात गेलं. तू समोर उभा राहून फोटो काढत होतास."

तो म्हणाला, पाट्टी, म्हणजे आजी, तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही आत जा.

"आत जाऊन काय करू? गाय ओढायची नाही. आडवी आहे ती आधी बसती करायची. माणसं बोलावतोस ना, बोलाव. आणि स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचं तेल आण. लिटरभर. खायचा सोडा आण."

तो उभाच राहिला. तेवढ्यात माझी सून आली. ती माझ्या मागोमाग उठली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला तमिळमध्ये काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मला तिचं मराठी कधीकधी कळत नाही, पण ते तमिळ शब्दन् शब्द कळलं. तो गेला आणि तेल घेऊन आला.

मुलाला उठवून गुरांच्या डॉक्टरला आणायला पाठवलं. डॉक्टर दहा-बारा किलोमीटरवर राहत होता आणि मधल्या रस्त्यावर तळ्याचं पाणी आलं होतं. मुलगा म्हणाला, फोन करून बघू का आधी? सून म्हणाली, फोन वाटेत कर.

शेतावरचे तीन पुरुष, बाई आणि सून यांनी मिळून गायीला पोटावर बसती केली. दोन वेळा ती परत कलंडली. तिसऱ्या वेळी पेंढ्याच्या गठ्ठ्यांचा टेकू दिला. त्यानंतर बाईने मला विचारलं, आता काय? तिच्या आवाजात राग होता. तो असायलाच हवा होता. पण तिने विचारलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

मी कडुनिंबाची काठी मागितली, मनगटाएवढी जाड. ती गायीच्या तोंडात आडवी घातली, लगाम घालतात तशी, आणि दोन्ही टोकांना दोरी बांधून शिंगांच्या मागे आवळली. तोंडात काठी असली की जनावर ती चावत राहतं, लाळ सुटते, आणि पोटातला वारा तोंडावाटे बाहेर यायला वाट मिळते. माझा बाप हेच करायचा. तेव्हा काठी धरायचं काम माझ्याकडे असायचं. माझे हात आता थरथरतात. गाठ बाईने मारली, मी फक्त कुठे ते दाखवलं.

तेल पाजायचं अवघड होतं. डोकं जास्त वर केलं तर तेल फुप्फुसात जातं आणि गाय तिथेच मरते. सोडा पाण्यात कालवून तेलात घातला. बाईकडे औषध पाजायची बांबूची नळी होती. ती गालाच्या बाजूने सरकवून थोडं थोडं ओतत होती. मी म्हणायचे, थांब, गिळू दे. ती थांबायची. पुन्हा म्हणायचे, हं. एवढंच आमचं बोलणं. सून कूस चोळत होती, दोन्ही हातांनी, पुढून मागे. नवीन सलवार कमीज, सगळं शेण.

नात उठून आली. तिला मी हाकलणार होते, पण ती वासराजवळ जाऊन बसली आणि त्याला धरून ठेवलं. तिने मला विचारलं, "आजी, ही मरणार का?"

"माहीत नाही."

"आपल्यामुळे?"

"माझ्यामुळे. तू दोनच ओंजळी दिल्यास."

सुनेने माझ्याकडे बघितलं. लहान मुलीला असं सांगतात का, असं ते बघणं होतं. पण तिने विचारलं होतं.

अर्धा तास काहीच झालं नाही. गायीचे डोळे वर जात होते. बाईने नळी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मी तिला म्हटलं, रड नंतर, आता तिला उठवू. पुढचे पाय उंचावर घेतले की वारा वर सरकतो. गोठ्यामागे शेणखताचा उंचवटा होता, तिथपर्यंत न्यायची होती. पुरुषांनी पोटाखालून पोत्याचा पट्टा घातला, सुनेने शेपूट धरली, बाईने पुढून नाव घेऊन हाका मारल्या. गाय उठली. पाय लटपटत होते पण उठली. दहा पावलं गेली. पुढचे दोन पाय उंचवट्यावर टेकवले आणि उभी राहिली.

मग तिने ढेकर दिली.

मी आयुष्यात पुष्कळ चांगले आवाज ऐकले असतील, पण त्या क्षणी मला त्यातला एकही आठवत नव्हता. आंबूस, कुजका, घाण वास आला. बाईने माझा दंड धरला. आणखी एक ढेकर आली. मग काठी चघळत ती एकसारखी देत राहिली आणि कूस डोळ्यांदेखत खाली येऊ लागली. पूर्ण नाही, पण कण्याच्या खाली आली.

मुलगा डॉक्टरला घेऊन आला तेव्हा साडेआठ वाजले होते. गाडी अर्धी चिखलाने भरलेली. डॉक्टर तरुण होता, वैतागलेला होता. त्याने कूस दाबून पाहिली, सुई लावून उरलेला वारा काढला, दोन इंजेक्शनं दिली आणि विचारलं, हिला डाळी कोणी घातल्या? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, शहरातली माणसं येतात आणि जनावरं मारून जातात. मी म्हटलं, मी शहरातली नाही. तो म्हणाला, मग तर तुम्हाला कळायला हवं होतं.

त्याचं बरोबर होतं.

त्याने सांगितलं की वारा गेला म्हणून सुटका झाली असं समजू नका. पोट आंबलं आहे. दोन दिवस कोरडी वैरण, पाणी, तिसऱ्या दिवशी रवंथ सुरू झालं तर वाचली. वासराला दोन दिवस दुसऱ्या गायीचं दूध पाजा.

आम्ही रविवारी दुपारी निघणार होतो. मी म्हटलं, मी येत नाही. मुलगा म्हणाला, आई, दिवाळी आहे उद्या. मी म्हटलं, इथेही उद्याच आहे. त्याने मॅनेजरशी बोलून आणखी एक दिवस तंबू घेतला. मॅनेजर आता फार गोड बोलत होता. त्याने फोटो आपल्या जाहिरातीत घालायचे ठरवले होते, ते सुनेने त्याच्यासमोर कॅमेऱ्यातून पुसायला लावले. आणि मालकाचा नंबर घेऊन तिने स्वतः फोन केला. जे झालं ते तसंच्या तसं सांगितलं, माझ्या वाट्याचं काही कमी न करता. बाईची गाय गोठ्यात राहील असं त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सोमवारी पहाटे आम्ही त्या तंबूच्या न्हाणीत तेल लावून आंघोळी केल्या. तमिळ माणसांची दिवाळी त्याच दिवशी असते, त्यामुळे सुनेच्या माहेरची आणि माझी रीत निदान आंघोळीपुरती एक आहे. तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. जरा जास्तच जोरात चोळलं.

मग मी गोठ्यात गेले. गाय बसली होती, नीट, पाय मुडपून. खात नव्हती. बाई वासराला बाटलीने दूध पाजत होती आणि नात बाटली वरून धरत होती. मी बाईला म्हटलं, माझं चुकलं. हे वाक्य मला कुठल्याच भाषेत सहज येत नाही, तमिळमध्ये तर मी ते पहिल्यांदाच म्हटलं.

तिने आधी बाटली रिकामी होऊ दिली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी या अम्मा. पण हात रिकामे घेऊन या."

सून हसली. मग बाईही हसली. मी नाही हसले, पण मला बरं वाटलं.

आम्ही निघालो तेव्हाही गायीने रवंथ सुरू केलं नव्हतं. रिकामे डबे मागे वाजत होते, म्हणून सुनेने गाडी थांबवून त्यांत टॉवेल कोंबले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सुनेला शेतावर फोन लाव म्हटलं. लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला, पण मॅनेजरने उचलला आणि तो म्हणाला, ठीक आहे सगळं. त्याच्या ठीकवर माझा भरवसा नव्हता. मी रोज दुपारी सुनेच्या ऑफिसात फोन करून विचारायचे, लागला का? आधी ती चिडली. मग तीच मला फोन करून सांगू लागली, आज पण नाही लागला. शनिवारी तिने शेतावरच्या एका माणसाचा नंबर मिळवला आणि त्याने बाईला बोलावून आणलं. सुनेने फोन माझ्या हातात दिला.

गाय जगली होती. वासरूही.